मध्य आशियातून गोदाकाठी : शकांचे स्थलांतर आणि प्रतिष्ठानचा संघर्ष

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर, गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेले पैठण प्राचीन काळी प्रतिष्ठान या नावाने ओळखले जात असे आणि सातवाहन राजघराण्याची राजधानी म्हणून त्याची कीर्ती भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. या घराण्याच्या इतिहासातील सर्वांत खडतर पर्व म्हणजे शकांशी झालेला संघर्ष होय. परकीय शक आले आणि गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांचा पाडाव केला, एवढ्यावर हा विषय बहुधा आटोपला जातो. परंतु शक मुळात कोण होते, हजारो किलोमीटर दूरच्या गवताळ प्रदेशातून ते सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत का आणि कसे आले, येथे सत्ता हाती असताना त्यांनी काय केले आणि पराभवानंतर त्यांचे काय झाले, या प्रश्नांची बरीचशी उत्तरे महाराष्ट्रातील लेण्यांच्या भिंतींवरच कोरलेली आहेत, आणि ती नीट वाचली पाहिजेत.

शक हे मध्य आशियातील विस्तीर्ण गवताळ मैदानांत, म्हणजे आजच्या कझाकस्तान, किरगिझस्तान आणि त्यांच्या आसपासच्या प्रदेशांत, घोडे व मेंढ्यांचे कळप घेऊन ऋतुमानाप्रमाणे कुरणे बदलत फिरणारे लोक होते. त्यांची भाषा इराणी भाषाकुलातील होती आणि त्यांच्या अनेक टोळ्या होत्या. त्यांचा एकच राजा किंवा एकच राज्य असे कधी नव्हते. इराणचा सम्राट पहिला दार्यवहू याने इ.स.पू. ५२० च्या सुमारास बेहिस्तून येथील कड्यावर आपल्या विजयांचा जो लेख कोरून घेतला, त्यातील शिल्पपटात बंदिवानांच्या रांगेच्या अगदी टोकाला स्कुंख नावाचा शक नायक उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर इतर कोणाच्याही डोक्यावर नसलेली उंच, टोकदार टोपी आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनेही इराणी सैन्यातील शकांचे वर्णन करताना ताठ उभी टोपी, विजार, धनुष्य, कट्यार आणि परशू यांचाच उल्लेख केला आहे. १९६९ मध्ये कझाकस्तानात अल्माटीजवळच्या इसिक येथे एका दफनटेकडीत ज्या तरुणाचे अवशेष सापडले, त्याचा पोशाख सोन्याच्या चार हजारांहून अधिक तुकड्यांनी मढवलेला होता आणि त्याचे शिरोभूषणही तसेच उंच व निमुळते होते. लिखित वर्णन, शिल्प आणि उत्खनन यांचा इतका स्पष्ट मेळ प्राचीन इतिहासात क्वचितच बसतो.

हे लोक आपली कुरणे सोडून दक्षिणेकडे का निघाले, याचे कारण चीनच्या सीमेवर घडलेल्या घटनांत आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात मंगोलियातील श्योंग्नू या प्रबळ भटक्या लोकांनी आजच्या गान्सू प्रांतात राहणाऱ्या युएची टोळ्यांचा पराभव करून त्यांना पश्चिमेकडे पळवून लावले. युएची इली नदीच्या खोऱ्यात उतरले आणि त्यांनी तेथील शकांना हुसकावले. शक दक्षिणेकडे व नैर्ऋत्येकडे सरकले. थोड्याच काळात युएचींनाही मागून धक्का बसला आणि तेही शकांच्याच मागोमाग ऑक्सस नदीच्या, म्हणजे आमूदर्याच्या खोऱ्यात आले. चिनी सम्राटाचा दूत झांग च्यान इ.स.पू. १२८ च्या सुमारास त्यांना तेथेच भेटला आणि त्याच्या वृत्तांतामुळे या हालचालींचा क्रम आज बऱ्याच प्रमाणात लावता येतो. याच धामधुमीत बॅक्ट्रियातील, म्हणजे उत्तर अफगाणिस्तानातील ग्रीक राज्य कोसळले आणि पार्थियाचा राजा दुसरा फ्रातेस लढाईत मारला गेला.

युरोपच्या इतिहासात याच स्वरूपाची घटना सुमारे पाच शतकांनंतर घडली. पूर्वेकडून आलेल्या हूणांच्या दडपणामुळे जर्मानिक वंशाच्या गॉथ टोळ्या इ.स. ३७६ मध्ये डॅन्यूब नदी ओलांडून रोमन साम्राज्यात शिरल्या, ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या लढाईत त्यांनी रोमन सम्राट वालेन्स याला ठार केले आणि ४१० मध्ये अलारिकच्या नेतृत्वाखाली प्रत्यक्ष रोम लुटले. पुढे इटली, दक्षिण फ्रान्स आणि स्पेन येथे त्यांची राज्ये उभी राहिली आणि हळूहळू त्यांनी तेथील धर्म, कायदा व भाषा स्वीकारली. गॉथांविषयी युरोपात ग्रंथांची रांग लागलेली आहे, कारण रोमन लेखकांनी त्यांच्याविषयी सविस्तर लिहून ठेवले. शकांच्या वाट्याला असा इतिहासकार आला नाही. त्यांचा भारतातील इतिहास नाणी, दानलेख आणि परदेशी प्रवाशांच्या तुटक नोंदी यांतून जुळवावा लागतो; पण त्या दानलेखांत जे बारीकसारीक तपशील आहेत, ते राजदरबारी इतिहासकाराने कधीच नोंदवले नसते.

पार्थियन राजांनी पश्चिमेची वाट अडवल्यावर शकांचा एक मोठा गट हेलमंद नदीच्या खोऱ्यात स्थिरावला आणि तो प्रदेश त्यांच्याच नावाने शकस्तान, म्हणजे आजचा सिस्तान, म्हणून ओळखला जाऊ लागला. तेथून बोलन खिंडीच्या वाटेने ते सिंधूच्या खालच्या खोऱ्यात उतरले, तर अन्य गट गांधार, तक्षशिला आणि मथुरेपर्यंत पोहोचले. या वाटचालीत त्यांनी इराणी साम्राज्याची एक शासनपद्धती सोबत आणली, ती म्हणजे क्षत्रप. प्रांताचा कारभार पाहणारा अधिकारी हा या जुन्या इराणी पदवीचा मूळ अर्थ. भारतात मात्र हे क्षत्रप आणि त्यांच्यावरचे महाक्षत्रप नावापुरते दुसऱ्याच्या अधीन किंवा पुढे पुढे पूर्णपणे स्वतंत्र राजे होते. गुजरात, माळवा आणि उत्तर महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या शक घराण्यांना त्यामुळे पश्चिमी क्षत्रप असे म्हटले जाते. त्यांतील पहिले घराणे क्षहरात. भूमक आणि नहपान हे त्याचे ज्ञात राजे.

क्षहरातांची नजर दख्खनकडे का वळली, हे समजण्यासाठी इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ हे सागरी प्रवासाचे मार्गदर्शक पुस्तक उपयोगी पडते. त्यात भरुच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असल्याचे सांगितले आहे. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड विपुल प्रमाणात आणि तेरहून जाडेभरडे तसेच तलम कापड बैलगाड्यांतून, रस्ते नसलेल्या दूरच्या मुलखातून भरुचला उतरत असे. हा माल बाहेर नेण्याच्या वाटा दोन. एक वाट पैठणहून उत्तरेस, अजिंठ्याच्या डोंगररांगेतून आजच्या कन्नड घाटाच्या परिसरात खानदेशात उतरून तापी ओलांडत भरुचकडे जाई. कन्नड तालुक्यातील पितळखोरे लेणी याच टापूत आहेत आणि तेथील दात्यांत प्रतिष्ठानच्या रहिवाशांची नावे आढळतात. दुसरी वाट जुन्नरजवळच्या नाणेघाटाने कल्याण व सोपारा या कोकणातील बंदरांना भिडे. भरुच शकांच्या ताब्यात होते आणि कल्याण सातवाहनांचे. पेरिप्लसच्या काळात कल्याणचा व्यापार अडवला गेला होता आणि तेथे आलेली ग्रीक जहाजे पहारा ठेवून भरुचला नेली जात, असे त्या लेखकाने स्पष्ट नोंदवले आहे. म्हणजे दोन घराण्यांतील वैराच्या मुळाशी वंशापेक्षाही जकात होती, घाट होते आणि बंदरे होती.

या ओढाताणीत नहपानाने काही काळ पूर्ण बाजी मारली. नाशिक, कार्ले आणि जुन्नर या तिन्ही ठिकाणच्या लेण्यांत त्याच्या राजवटीचे लेख आहेत, त्याअर्थी सह्याद्रीतील महत्त्वाचे घाट त्याच्या हाती गेले होते. त्याचा जावई उषवदात, संस्कृतात ऋषभदत्त, हा दिनीकाचा पुत्र. नाशिकच्या एका लेखात त्याने स्वतःला उघडपणे शक म्हटले आहे. त्याची पत्नी दक्षमित्रा ही नहपानाची कन्या. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील, लोकांच्या तोंडी पांडवलेणी असलेल्या समूहातील दहाव्या क्रमांकाचे लेणे या उषवदाताने खोदवले आणि त्याच्या भिंतींवर आपल्या दानधर्माची जी यादी कोरून घेतली, ती प्राचीन महाराष्ट्राच्या आर्थिक व सामाजिक इतिहासाचे एक अमोल साधन आहे.

त्यातील एक नोंद बारकाईने पाहण्यासारखी आहे. वर्ष ४२ मधील वैशाखात उषवदाताने हे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले आणि त्याच्या खर्चासाठी ३,००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या प्रचलित नाण्यांची, अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे जिचे मुद्दल कधीच काढायचे नाही आणि केवळ व्याज वापरायचे अशी कायमची ठेव. यांपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील, म्हणजे नाशिकलगतच्या गावातील, विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने ठेवले आणि उरलेले १,००० विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या दराने. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील कारागिरांची संघटना; ती लोकांच्या ठेवी स्वीकारून त्यांवर व्याज देत असे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते, आणि वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामात, या लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत असे लेखात म्हटले आहे. हिशेब कवडीचाही फरक न पडता जुळतो. हा व्यवहार नगरसभेत जाहीर करून दफ्तरात नोंदवला गेला, हेही तेथे लिहिले आहे. मध्य आशियातील भटक्या टोळीचा वारसा सांगणारा एक सेनानी नाशिकच्या विणकरांवर एवढा विश्वास टाकतो आणि त्यांच्याच व्यवस्थेत, त्यांच्याच भाषेत आपला धर्मादाय बसवतो, ही गोष्ट कोणत्याही विजयप्रशस्तीपेक्षा अधिक बोलकी आहे.

उषवदाताचे दान बौद्ध संघापुरते मर्यादित नव्हते. देवांना व ब्राह्मणांना सोळा गावे, तीन लक्ष गायी, भरुच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे प्रवाशांसाठी निवारे, विहिरी व तळी, तापी, दमणगंगा, डहाणू अशा नद्या-खाड्यांवर विनामूल्य नावा, नारळाची आठ हजार रोपे, अशी ही यादी लांबत जाते. राजस्थानातील एका मोहिमेनंतर तो पुष्कर तीर्थावर जाऊन स्नान करतो व तेथेही गायी आणि एक गाव दान देतो. संघाच्या अन्नासाठी लागणारे शेतही त्याने बळकावले नाही; अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून त्याने ते ४,००० कार्षापण मोजून विकत घेतले आणि तसे लिहून ठेवले. यात सत्ता स्थिर करण्याची राजनीती निश्चितच होती, कारण दान देणाऱ्या राजाला या देशात मान मिळतो, हे त्याने ओळखले होते. तरीही निवारे आणि फुकट नावा यांचा लाभ ज्या वाटसरूंना झाला असेल, त्यांना दात्याच्या हेतूशी काय कर्तव्य होते?

सातवाहनांची सत्ता या काळात पुष्कळच आक्रसली होती. ती पुन्हा उभी केली गौतमीपुत्र सातकर्णीने. त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षीचा नाशिकचा आदेश विजयी सेनेच्या छावणीतून निघालेला आहे, आणि त्यात पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने शेत भिक्षूंना दिल्याचे म्हटले आहे. निवर्तन हे जमीन मोजण्याचे जुने माप. उषवदाताने कार्ल्याच्या भिक्षूंना दिलेले गावही त्याच सुमारास नव्या राजाच्या नावाने त्यांच्याकडे चालू राहिले. राज्य बदलले तरी संघाचे उत्पन्न तुटू दिले गेले नाही. सहा वर्षांनंतरच्या, चोविसाव्या वर्षीच्या लेखातून मात्र युद्धकाळातील वास्तव डोकावते : पूर्वी दिलेले शेत पडीक आहे, ते गाव ओस पडले आहे, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरील १०० निवर्तने सरकारी जमीन द्यावी, असा आदेश राजा आणि राजमाता या दोघांच्या नावे काढलेला आहे.

या विजयाचा दुसरा पुरावा १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे सापडला. तेथे मिळालेल्या नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा उमटवलेली आहे. नहपानाचे मस्तक आणि त्याभोवतीची ग्रीक अक्षरे अर्धवट दिसत राहतात, आणि त्यांच्यावरून डोंगराच्या आकाराचे चैत्यचिन्ह आणि सातवाहनांची इतर चिन्हे दाबून मारलेली असतात. नाणी वितळवून नव्याने पाडण्याइतका वेळ घेतला गेला नाही. पराभूत राजाचे चलन तसेच बाजारात राहावे, पण सत्ता कोणाची आहे ते प्रत्येकाच्या हातात दिसावे, हा हेतू उघड आहे. हा संघर्ष नेमका केव्हा झाला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. नहपानाच्या लेखांतील ४१ ते ४६ ही वर्षे शक संवताची मानली, तर तो काळ इ.स. ११९ ते १२५ असा येतो. काही नाणकशास्त्रज्ञ मात्र पेरिप्लसमधील भरुचच्या राजाचे नाव नहपानाचेच समजून त्याला पहिल्या शतकाच्या मध्याकडे ओढतात.

गौतमीपुत्राच्या मृत्यूनंतर, त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षी, राजमाता गौतमी बलश्रीने त्रिरश्मी डोंगरावरील तिसऱ्या क्रमांकाचे लेणे दान दिले आणि त्यात आपल्या मुलाची दीर्घ प्रशस्ती कोरवली. शक, यवन व पह्लव यांचा नाश करणारा, क्षहरात वंश निःशेष करणारा आणि सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रस्थापित करणारा, अशी त्याची ओळख तेथे दिली आहे. यवन म्हणजे ग्रीक आणि पह्लव म्हणजे पार्थियन वंशाचे लोक. एका वृद्ध मातेचा अभिमान त्या शब्दांत पुरेपूर आहे आणि तो साधार आहे. तरीही इतिहासाचा अभ्यास करताना वंश हा शब्द राजघराणे या अर्थाने घेतला पाहिजे. क्षहरातांचे राज्य संपले, शक लोक संपले नाहीत. त्याच डोंगरावर, काही पावलांवर असलेल्या उषवदाताच्या लेण्याची दर्शनी रचना बलश्रीच्या लेण्यात बऱ्याच अंशी अनुसरलेली दिसते, आणि शत्रूच्या नावाचे लेख कोणी छिन्नीने उडवून टाकले नाहीत, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

पुढच्याच पिढीत कार्दमक या दुसऱ्या शक घराण्याने उचल खाल्ली. त्याचा संस्थापक चष्टन. इ.स. १५० च्या सुमारास टॉलेमी या भूगोलकाराने आपल्या ग्रंथात उज्जैन ही चष्टनाची आणि पैठण ही पुळुमावीची राजधानी असल्याची नोंद केली, त्यामुळे दोन प्रतिस्पर्धी राजे एकाच पुस्तकात ग्रीक उच्चारांनी शेजारी आले. चष्टनाचा नातू रुद्रदामन याने इ.स. १५० च्या सुमारास गिरनारच्या शिळेवर, सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध दुरुस्त केल्याच्या निमित्ताने, जो लेख कोरवला, त्यात दक्षिणापथाचा राजा सातकर्णी याला आपण दोनदा उघड युद्धात जिंकले, परंतु जवळच्या नात्यामुळे त्याचा समूळ उच्छेद केला नाही, असे म्हटले आहे. हे नाते कोणते, याचा उलगडा मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यातील एका लेखाने होतो : वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक वंशातील, एका महाक्षत्रपाची मुलगी होती, आणि तो महाक्षत्रप म्हणजे रुद्रदामनच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शकांचा संहार केल्याचा ज्या घराण्याला अभिमान, त्याच घराण्यात शक राजकन्या सून म्हणून आली. बलश्रीच्या प्रशस्तीतील सौराष्ट्र, अवंती, अपरांत हे प्रदेश गिरनार लेखातील रुद्रदामनच्या प्रदेशांच्या यादीत पुन्हा दिसतात, पण पैठणभोवतीचा मूलक देश त्याच्या यादीत नाही. गोदावरीचे खोरे सातवाहनांकडेच राहिले.

या देवाणघेवाणीने दोन्ही बाजू बदलल्या. सातवाहनांनी क्षत्रपांच्या धर्तीवर राजाचे मस्तक असलेली चांदीची नाणी पाडली. उलट, सातवाहन राजे आपले लेख प्राकृतात लिहीत असताना, दरबारी गद्य संस्कृतातील पहिला मोठा शिलालेख कोरवला तो शक रुद्रदामनने. कार्दमकांनी कालगणनेचीही एक शिस्त घालून दिली : इ.स. ७८ पासून मोजलेली वर्षे ते आपल्या लेखांवर आणि पुढे नाण्यांवर सातत्याने देत राहिले. ही गणना कुषाण सम्राट कनिष्काच्या राज्यारोहणापासून सुरू झाली असावी, असे पूर्वी अनेक संशोधक मानत, परंतु शक राजांनी ती तीन शतके चालवल्यामुळे ती शककाल म्हणून दक्षिणेत रुळली. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातील चालुक्य लेखात शक ५०० हे वर्ष शकराजाच्या अभिषेकापासून मोजल्याचे स्पष्ट म्हटले आहे. या गणनेशी शालिवाहनाचे, म्हणजे लोकपरंपरेतील सातवाहन राजाचे, नाव जोडले गेले ते तेराव्या शतकाच्या सुमारास, मूळ घटनेनंतर हजाराहून अधिक वर्षांनी. पैठणच्या कुंभारवाड्यात वाढलेला, मातीच्या सैनिकांत प्राण फुंकून शत्रूला जिंकणारा शालिवाहन लोककथेत अमर झाला आणि पराभूतांची गणना विजेत्याच्या नावाने पंचांगात स्थिरावली. भारत सरकारने २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ या दिवसापासून, हीच गणना राष्ट्रीय दिनदर्शिका म्हणून स्वीकारली.

गुजरात व माळव्यातील क्षत्रपांची सत्ता चौथ्या शतकाच्या अखेरीस किंवा पाचव्याच्या आरंभी गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याने संपवली. महाराष्ट्रात त्याआधीच, तिसऱ्या शतकाच्या मध्यास, सातवाहन मागे पडून नाशिक भागात आभीर राजे पुढे आले होते. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षीचा एक लेख त्रिरश्मी डोंगरावरच आहे आणि तो कोरवणारी दात्री विष्णुदत्ता नावाची बौद्ध उपासिका आहे. आपण शक आहोत, हे ती सांगते. पण तिचे स्वतःचे नाव विष्णूवरून ठेवलेले, वडिलांचे अग्निवर्मा आणि मुलाचे विश्ववर्मा. दिनीक, नहपान, चष्टन अशी नावे एव्हाना मागे पडली होती. तिने कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रे बनवणारे यांच्या श्रेण्यांकडे ठेवी ठेवल्या, आणि कोणत्याही ठिकाणाहून येऊन त्या विहारात राहणाऱ्या भिक्षूंपैकी जे आजारी पडतील, त्यांच्या औषधपाण्याचा खर्च या ठेवींच्या व्याजातून चालावा, अशी तरतूद केली.